क्षेत्रभेटीचा कॅमेरा कोणाच्या हाती?

वाचकाचे पत्र

मी उत्तर गोव्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवते. वर्गात ५२ विद्यार्थी आहेत आणि क्षेत्रभेटीसाठी वर्षाकाठी एक बस व एक दिवस पदरात पडतो. मुले त्या दिवशी मोबाईलवर भरपूर चित्रीकरण करतात, परत आल्यावर त्याला गाणे लावून चित्रफीत सादर करतात आणि तिच्यात भूगोल शोधावा लागतो. आमच्या प्राचार्यांचे म्हणणे असे की, एकदा चांगले व्हिडिओ तयार करून ठेवले तर दर वर्षी क्षेत्रभेट काढण्याची गरज राहणार नाही, खर्च वाचेल आणि जोखीमही टळेल. महाविद्यालय ड्रोन घेऊन द्यायलाही तयार आहे. यंदा वर्गात चाकाची खुर्ची वापरणारी एक विद्यार्थिनी आहे. तिला किनाऱ्यावर किंवा बांधावर कसे न्यावे हेही सुचत नाही. व्हिडिओ आधी दाखवावा की नंतर, तो मी करावा की मुलांनी, आणि त्याला गुण कशाचे द्यावेत, याविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी प्राचार्यांच्या सूचनेविषयी लिहितो, कारण तिचे उत्तर ठरले की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी सोपी होतात. क्षेत्रभेटीच्या जागी व्हिडिओ आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा कुठे उभा करायचा, कशाकडे रोखायचा आणि काय चौकटीबाहेर ठेवायचे हे निर्णय तयार चित्रफितीत दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेले असतात, आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याने क्षेत्रात जाऊन शिकायचे असते ते नेमके हे निर्णय घेणे. किनाऱ्याचे दहा उत्तम व्हिडिओ पाहिलेल्या मुलाला वाळूच्या टेकड्या, भरतीरेषा आणि पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनारपट्टीचा, उतार यांची नावे बिनचूक सांगता येतील. पण त्याला मांद्र्याच्या किनाऱ्यावर उभे करून उताराचा छेद, म्हणजे चढ-उताराचे मोजून काढलेले चित्र, घ्यायला सांगितले, तर मोजणीचा पहिला दांडा कुठे रोवायचा येथेच त्याचे घोडे अडेल.

मात्र प्राचार्यांसमोर एवढेच म्हणून थांबू नका. एका दिवसाची क्षेत्रभेट स्वतःही अपुरी असते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पाऊस संपलेला, परीक्षा लांब आणि ऊन सोसवणारे, असा मुहूर्त आपण साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत शोधतो, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतला गोवा कायम डिसेंबरचाच असतो. समुद्र शांत, पुळण रुंद आणि सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, वाळलेला. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून उथळ समुद्रात पाण्याखालच्या लांबट उंचवट्यांच्या रूपात साठवतात आणि पाऊस सरल्यावरच्या मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, हे चक्र आपण फळ्यावर शिकवतो. त्यातली अर्धी बाजू आपल्या मुलांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिलेली नसते. व्हिडिओची खरी गरज आहे ती येथे. म्हणून प्राचार्यांना असे सांगा की, क्षेत्रभेट हवीच आणि तिच्या जोडीला तिला न दिसणारा काळ टिपणारे चित्रीकरणही हवे. खर्चाचा हिशेब त्यांना लगेच पटेल, कारण त्यासाठी एक साधा मोबाईल, एक मजबूत ट्रायपॉड आणि एक पॉवर बँक पुरेशी आहे.

यासाठी खाजनातल्या मानशीइतके चांगले उदाहरण मला गोव्यात दुसरे दिसत नाही. खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातले पाण्याचे दार. मांडवीच्या आणि कुंभारजुवे कालव्याच्या काठाने असलेल्या खाजनांपैकी तुमच्या सोयीचे एक निवडा. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीच्या लाकडी झडपा नदीच्या बाजूला उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर पडू लागते. भरती चढली की नदीचेच पाणी त्या झडपा दाबून बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. माणसाने दार लावायला जावे लागत नाही, सगळे काम पाण्याच्या दोन बाजूंच्या पातळ्यांतला फरक करतो. पण हे पूर्ण घडायला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि आपली बस तिथे तासभर थांबते. त्या तासात विद्यार्थ्याला एकतर उघडे दार दिसते किंवा बंद दार दिसते. दाराचे उघडणे आणि मिटणे, म्हणजे ज्यासाठी आपण तिथे गेलो ती गोष्ट, त्याला कधीच दिसत नाही.

आता दर १० सेकंदांनी एक चौकट टिपणारे टाइम-लॅप्स चित्रीकरण ६ तास चालवले, तर २१६० चौकटी मिळतात आणि सेकंदाला २४ या वेगाने त्यांची ९० सेकंदांची फीत होते. चौकटीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक रेंजिंग रॉड पाण्यात उभा ठेवलेला असावा; प्रत्येक पट्टा २० सेंटिमीटरचा असल्याने पाण्याची पातळी फितीवरूनच मोजता येते. एक फीत अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची (मोठ्या भरतीची) आणि दुसरी अष्टमीच्या सुमारास भांगेची (लहान भरतीची) घेतली, तर दोन्हींच्या आलेखांतला फरक विद्यार्थी स्वतः काढतील. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरांच्या आसपास जातो, त्यामुळे तो डोळ्यांनाही जाणवण्याजोगा असतो. मोबाईल सोडून कोणी चहाला जाऊ नये, खाऱ्या वाऱ्यापासून त्याला आडोसा असावा आणि उन्हात तो तापून बंद पडू शकतो हे ध्यानात ठेवावे. बाकी यात अवघड असे काही नाही.

हीच पद्धत सड्यावर वर्षभर वापरता येते. जांभ्याचा सडा मे महिन्यात उघडाबोडका आणि तापलेला असतो, जुलैत त्यावर पाणी साचून तळी होतात आणि त्यांच्या काठाने चिमुकली फुले उमलतात, ऑक्टोबर सरता सरता पुन्हा सगळे वाळू लागते. एकाच खुणेवर उभे राहून, त्याच दिशेने आणि त्याच उंचीवरून तीनदा एकेक मिनिटाचे चित्रीकरण करायचे, एवढेच काम आहे. खूण म्हणून हलवता न येणारा दगड निवडा आणि होकायंत्रावरची दिशा वहीत अंशांत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा वर्ग तिथेच उभा राहील, आणि पाच वर्षांनी तुमच्या विभागाजवळ असा संग्रह असेल जो कोणत्याही संकेतस्थळावर आयता मिळणार नाही.

व्हिडिओ आधी दाखवावा की नंतर, याचे उत्तर असे की दोन्ही वेळा दाखवावा, पण दोन वेगळ्या कामांसाठी. विज्ञान शिक्षणाचे इस्रायली अभ्यासक नीर ओरियन यांनी क्षेत्रभेटींविषयी मांडलेला एक मुद्दा मला फार उपयोगाचा वाटतो. अनोळखी जागी गेलेल्या विद्यार्थ्याचे पुष्कळसे लक्ष त्या अनोळखीपणातच खर्च होते: जागा नवी, काम नवे, आणि ऊन, पाणी, चिखल, जेवण यांची चिंता वेगळीच. हे नवखेपण निघण्याआधी जितके कमी करता येईल तितके विद्यार्थी तिथे पोचल्यावर लवकर कामाला लागतात. तेव्हा आधी दाखवायची फीत या कामासाठी करा. बस कुठे थांबेल, बांधावरून किती चालायचे आहे, पायात काय घालावे, प्रसाधनगृह कुठे आहे (मुलींच्या दृष्टीने ही माहिती गौण नाही आणि आपण ती नेहमी द्यायला विसरतो), आणि त्या दिवशी वापरायचे उपकरण कसे धरायचे, हे सगळे तीत यावे.

उपकरणाचे एक उदाहरण देतो. किनाऱ्याचा छेद घेण्याची दोन दांड्यांची सोपी पद्धत सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडली. सारख्या उंचीचे, खुणा केलेले दोन दांडे ठरावीक अंतरावर उभे करायचे, जमिनीकडच्या दांड्यापाशी डोळा नेऊन समुद्राकडच्या दांड्याचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे, आणि ती रेषा आपल्या दांड्याला टोकापासून जितकी खाली छेदते तितका त्या टप्प्यातला उतार समजायचा. वाचताना हे क्लिष्ट वाटते आणि वाऱ्यात ओरडून सांगताना तर कोणालाच कळत नाही. पण महाविद्यालयाच्या मैदानावर केलेल्या तीन मिनिटांच्या फितीत ते लख्ख समजते. मुले ती फीत बसमध्ये पुन्हा पाहू शकतात आणि किनाऱ्यावर उतरताच गटागटाने कामाला लागू शकतात. वर्षातला एकच दिवस हाती असताना असा वाचलेला अर्धा तास मोलाचा असतो.

या आधीच्या फितीत काय नसावे, हे मी अधिक आग्रहाने सांगेन. तिच्यात निष्कर्ष नसावा. ‘येथे झीज होत आहे’, ‘हा बांध कमकुवत झाला आहे’ असे निवेदन ऐकून गेलेला विद्यार्थी झीजच पाहून येतो, आणि तिथे भर पडत असली तरी ती त्याच्या वहीत उतरत नाही. जागा आणि रीत दाखवा, उत्तर राखून ठेवा. फितीची लांबीही आवरा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदींचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सहा मिनिटांपेक्षा लहान फिती विद्यार्थी अधिक टिकून पाहतात असे आढळले होते. शिक्षकाचा मोह नेहमी पंचेचाळीस मिनिटांकडे ओढतो, कारण आपल्या तासिकेने आपल्याला तशी सवय लावली आहे.

प्रत्यक्ष क्षेत्रात कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती असावा, पण सकाळी नाही. पहिला दीड तास मोबाईल पिशवीत आणि वही-पेन्सिल हातात, असा नियम करा. हाताने काढलेल्या कच्च्या आराखड्यात काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवावेच लागते. कॅमेरा सगळेच घेतो, म्हणून तो आधी हाती आला तर निरीक्षण पुढे ढकलले जाते. आराखडा झाल्यावर पाच-सहा जणांच्या प्रत्येक गटाने एक प्रश्न निश्चित करावा आणि त्या प्रश्नाच्या उत्तराला आधार देणारे दृश्य तेवढेच टिपावे. गटाला एकच मोबाईल पुरतो, त्यामुळे ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो मागे पडत नाही. चित्रीकरण सुरू होताच दिनांक, वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा आणि भरती की ओहोटी हे मोठ्याने बोलून नोंदवावे. चौकटीत मोजपट्टी किंवा रॉड असावा. कॅमेरा गरागरा फिरवू नये, किमान २० सेकंद एका जागी स्थिर धरावा. १०८०पी दर्जा भरपूर झाला. ४के चित्रीकरणाने फोनची जागा दुपारपर्यंत संपते आणि संध्याकाळी फिती एकमेकांना पाठवताना सगळे वैतागतात.

गाण्यांचा प्रश्न गुणांच्या वाटणीने सुटेल. संकलनाला आणि सफाईला गुणच ठेवू नका. शंभरपैकी चाळीस गुण क्षेत्रवहीला, तीस गुण फितीतल्या एका विधानाला आणि त्याच्या पुराव्याला, आणि तीस गुण प्रत्येकाच्या स्वतंत्र तोंडी परीक्षेला, अशी वाटणी मी करेन. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे हे की, फीत तीन मिनिटांपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यासोबत न कापलेले मूळ चित्रीकरणही जमा झाले पाहिजे. तोंडी परीक्षेत फीत मध्येच थांबवून विचारा: ही चौकट कोणत्या दिशेची आहे? याच्या डावीकडे काय होते, आणि ते तुम्ही का घेतले नाही? ज्याने फक्त मागे उभे राहून हसून घेतले, त्याला याचे उत्तर देता येत नाही.

भेटीनंतरच्या आठवड्यात दाखवायची फीत म्हणजे तुमची मानशीची टाइम-लॅप्स किंवा किनाऱ्याचे जुलैतले चित्रीकरण. विद्यार्थ्यांनी डिसेंबरचा छेद स्वतः मोजलेला असेल, तेव्हाच जुलैचे दृश्य त्यांना काही विचारायला लावेल. आधी दाखवले तर ते नुसते पावसाचे सुंदर दृश्य ठरते. याच तासिकेला जुन्या घरगुती चित्रीकरणाचीही जोड देता येईल. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतलेले रिव्हर प्रिन्सेस हे जहाज सुमारे एक तप तिथेच होते, आणि त्या काळात तिथे आलेल्या असंख्य कुटुंबांच्या कॅमेऱ्यांत ते पाठीमागे दिसते. लांबी ठाऊक असलेली आणि जागची न हललेली एवढी मोठी वस्तू चौकटीत असणे म्हणजे आयती मोजपट्टीच. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरांतून, नातेवाइकांकडून अशा फिती मिळवाव्यात, दिनांक ठाऊक असेल तर त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा तपासाव्यात आणि मगच पुळणीच्या रुंदीविषयी बोलावे. भरतीची वेळ न पाहता दोन फितींतल्या रुंदीची तुलना करणाऱ्याला गुण देऊ नका.

तुमच्या विद्यार्थिनीविषयी लिहिताना पहिली गोष्ट ही की, काय जमेल हे तिलाच विचारा. तिच्या वतीने आपणच ठरवून टाकण्याची चूक सद्भावनेतून फार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे शासनमान्य शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे अपेक्षित आहे, तेव्हा हा कोणाच्या कृपेचा विषय नाही. शक्यतो असे खाजन निवडा जिथे बांधाला लागून डांबरी रस्ता जातो आणि गाडीतून उतरल्यावर मानस दिसते. जिथे ती पोचूच शकत नाही, त्या जागेसाठी ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये सुरू केलेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. त्यात हालचालीला मर्यादा असलेले भूशास्त्राचे विद्यार्थी रस्त्यालगत थांबत, खडकापाशी गेलेला सहकारी बिनतारी जोडणीवरून दृश्य व आवाज पाठवी, आणि काय जवळून दाखवायचे, कुठला नमुना पाहायचा हे विद्यार्थी तिथूनच सांगत. आपल्याकडे साध्या व्हिडिओ कॉलवर हे करता येते. सूचना देण्याचा अधिकार तिच्याकडे असला पाहिजे, म्हणजे दांडा कुठे रोवायचा हे ती ठरवील आणि गटातले सहकारी तिच्या सांगण्यावरून रोवतील. नुसते थेट प्रक्षेपण बघत बसणे म्हणजे तिला पुन्हा प्रेक्षकच करणे होय. सत्तरी-सांग्याच्या रानात मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा धरू नका. किनारपट्टीवर आणि नदीकाठच्या गावांत अडचण कमी येते.

ड्रोनविषयी माझा उत्साह बेताचा आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, त्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आणि दुसरा विमानतळ मोपाला. त्यामुळे ड्रोनच्या नकाशावरील लाल (उड्डाणास मनाई) आणि पिवळ्या (परवानगीने उड्डाण) क्षेत्रांची बंधने आपल्या वाट्याला बरीच येतात. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, हे खरे, पण क्षेत्राची बंधने त्यालाही लागू आहेत, म्हणून केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय मंचावरचा नकाशा पाहिल्याशिवाय तो उडवू नका. अभयारण्यात आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग यांसारख्या कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर वनखात्याशी बोलल्याशिवाय कसलेही चित्रीकरण नको, आणि रात्री तर दिव्याचा प्रकाशही नको. वरून पाहण्याची गरज असेल तर गूगल अर्थमधील जुनी उपग्रह-चित्रे आणि इस्रोचे भुवन संकेतस्थळ पदवीच्या वर्गाला पुष्कळ झाले. तो पैसा दुसऱ्या बसला द्यावा, असे मी प्राचार्यांना सुचवेन.

एका गोष्टीकडे मात्र तुमच्या पत्रात लक्ष गेलेले दिसत नाही. खाजनात, मिठागरात किंवा जेटीवर काम करणारी माणसे चौकटीत येतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय ती येऊ नयेत. मानशीतल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने ती घेतली त्याच्या कामाच्या वेळी आपण कॅमेरा लावून त्याच्या वाटेत उभे राहणे बरे नव्हे. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन शेतकऱ्यांच्या संघटनेशी आणि त्या माणसाशी बोला, चित्रीकरण कशासाठी आहे व ते वर्गाबाहेर जाणार नाही हे सांगा, आणि तयार झालेली फीत त्यांना दाखवायला परत जा. मुलाखत त्यांच्या बोलीतच होऊ द्या; प्रश्नावली इंग्रजीतून छापून नेली तरी तोंडाने विचारताना ती कोकणीत किंवा मराठीत यावी, नाहीतर शेतकरी दोन वाक्यांत विषय संपवतो आणि मुले ती दोन वाक्ये मोठ्या श्रद्धेने उतरवून घेतात.

पहिल्याच वर्षी सगळे करायला जाऊ नका. चवथीच्या सुट्टीपूर्वी खाजन निवडून परवानगी घ्या, सुट्टीनंतर एका उधाणाची आणि एका भांगेची टाइम-लॅप्स करून ठेवा, नोव्हेंबरात दोन दांड्यांच्या पद्धतीची फीत मैदानावर चित्रित करा आणि डिसेंबरात बस काढा. सड्याची खूण मात्र याच आठवड्यात ठरवून पहिले मिनिट टिपून घ्या, कारण ऋतू आपल्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. विद्यार्थिनीशी बोलणे झाल्यावर तिने निवडलेली जागा कळवलीत, तर तिथल्या चढ-उताराचा आणि भरतीच्या वेळांचा विचार करून पुढचे लिहीन.